डावं चाक, उजवी ओढ

अण्णा,

बिघाड डाव्या चाकातच होता. आणि गाडी उजवीकडे ओढते, हे तुमचं म्हणणंही खरंच होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे आपल्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात कधी आलं नाही. आता आलं, तर धावत जाऊन सांगावं असा माणूस घरात उरलेला नाही. सुहासला सांगून पाहिलं. "अच्छा," म्हणाला आणि चहाचा कप उचलला. तुमच्या मुलाचं आणि गाडीचं नातं तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्या लेखी गाडी म्हणजे दार उघडून बसायची जागा. त्यामुळे हे सगळं तुमच्यासाठीच राहिलंय. पहिल्यापासून सांगते. तुम्ही मध्येच "थांब, थांब, आधी हे सांग" म्हणणार नाही, याची मात्र सवय व्हायला वेळ लागेल.

सुरुवात आगाशीच्या बाजारातून परतताना झाली. तुम्ही चालवत होता, मी शेजारी, मागे केळ्यांचे रिकामे क्रेट. वळणावर अचानक म्हैस आडवी आली, तुम्ही ब्रेक दाबलात आणि माझ्या बाजूच्या पुढच्या चाकातून बारीक, टोचणारा आवाज आला. चीं.

"अण्णा, डावीकडून आवाज येतोय."

"आवाज कसला? गाडी उजवीकडे ओढतेय ते बघ. उजव्या चाकात काहीतरी धरतंय."

"मला ओढबिढ काही जाणवली नाही."

"मग मलाही आवाजबिवाज ऐकू आला नाही."

तिथून पुढे वटारच्या आपल्या घरात पानावर बसलं की हा विषय निघायचाच. तुम्ही ताटातली वाटी उजवीकडे सरकवून दाखवायचात, मी डावीकडे बोट करायचे. आई वैतागून म्हणायच्या, "एकदा त्या नरेशकडे का नेत नाही गाडी? मेकॅनिक कशाला असतो?" पण तुमचा नियम वेगळा. बिघाड काय आहे ते आधी आपल्याला कळलं पाहिजे, मग मेकॅनिककडे जायचं. नाहीतर तो सांगेल त्याला मान हलवत उभं राहावं लागतं. विहिरीवरचा पंप, देवघरातलं घड्याळ, आईंचा मिक्सर, सगळ्यांना हा नियम लागू झाला होता. मिक्सर त्यातून वाचला नाही.

टायरवाल्याकडे जाऊन तुम्ही चाकांचं अलाइनमेंट करून घेतलंत. ओढ तशीच राहिली. "म्हणजे टायर नाहीत," तुम्ही खूश होऊन म्हणालात. एक कारण बाद झालं की कारण सापडल्याइतकाच आनंद व्हायचा तुम्हाला. तसा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मला गाडी शिकवलीत तीही अशीच. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला स्कूटरसुद्धा येत नव्हती. तुम्ही शेजारी बसायचात आणि मी ब्रेकवर पाय ठेवला रे ठेवला की विचारायचात, "आत्ता का?"

"कुत्रा, अण्णा."

"कुठे आहे कुत्रा?"

"त्या कुंपणाआडून येणार होता."

आणि खरंच कुत्रा आला की तुम्ही मांडीवर थाप मारायचात. नाही आला तरी रागवायचा नाहीत. "बरोबर आहे, येऊ शकला असता," म्हणायचात. माझ्या माहेरी मला कुणी 'का' विचारलं तर ते दटावणं असायचं. तुमच्या 'का'मध्ये खरोखरच उत्तर हवं असायचं, हे कळायला मला बरेच दिवस लागले. एकदा कळल्यावर मात्र मीही तुम्हाला 'का' विचारायला लागले, आणि मग आपलं जमलं.

मग तो प्रयोग. राजोडीच्या बाजूच्या रिकाम्या रस्त्यावर तुम्ही खाली उतरलात. "तू चालव. माणसाच्या चालीने जायचं आणि मध्ये मध्ये ब्रेक लावायचा. मी बाजूने चालत ऐकतो." हाफ पँट, बनियन, कानामागे हाताचा पंजा, आणि कमरेत वाकून तुम्ही डाव्या चाकाच्या अंगाने चालताय. वाडीतून फुलं काढून येणाऱ्या बायका डोक्यावरच्या टोपल्या सावरत उभ्याच राहिल्या. मी ब्रेक दाबला. चीं.

"आला?"

"काही नाही. पुढे घे."

पुन्हा. चीं. "आता?"

"छे."

तिसऱ्या वेळी टोपलीवाल्यांपैकी एकीने तोंड वाकडं करून कानावर हात ठेवला. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत. मग चाकाकडे. मग माझ्याकडे. आणि म्हणालात, "चल, उद्या बघू."

प्रयोग अर्धवट सोडणारे तुम्ही नव्हतात. पण तो उद्या काही उगवला नाही. तेव्हा मला वाटलं, हार मान्य करायची नसेल म्हणून टाळताय.

आणि मग ती दुपार. जेवून ओट्यावर आडवे झालात ते उठलाच नाहीत. त्याबद्दल आत्ता लिहायचं नाहीये मला. त्याबद्दल सगळे बोलून गेलेत.

अस्थी नाशिकला न्यायचं ठरलं. बापूकाका म्हणाले, "भाड्याची गाडी करू, ड्रायव्हरसकट." तुमचे भाऊ ते, व्यवस्था हातात घ्यायला पुढे आले, त्यात वावगं काहीच नव्हतं. आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. गेल्या दोन दिवसांत फारसं बोलल्या नव्हत्या.

"आपल्या गाडीने जाऊ," त्या म्हणाल्या.

"वहिनी, चालवणार कोण?"

"मनीषा चालवेल."

"जव्हारच्या घाटातून? हायवेने जाऊ मग, कसाऱ्याने."

"ते नेहमी जव्हारवरून न्यायचे. जव्हारवरूनच जायचं."

सुहासने माझ्याकडे पाहिलं. "जमेल तुला?"

मला जमणार होतं. प्रश्न गाडीचा होता. तुम्ही सोडून त्या गाडीची खरी अवस्था फक्त मला माहीत होती, आणि मलाही अर्धीच माहीत होती. ब्रेक लावला की ओरडणारी आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे एका बाजूला ओढणारी गाडी घेऊन, त्यात आईंना बसवून, मी तो घाट उतरणार होते. चढताना काय, इंजिन खेचतं. उतरतानाचा भरवसा कोण देणार?

सकाळी किल्ली घेतली तर बापूकाका ओटीवरच होते. "सुतकात गॅरेजमध्ये कसली जातेस?"

"काका, घाटात ब्रेक लागला नाही तर सुतक वाढेल," मी म्हटलं. तुम्ही मोठ्याने हसला असता, आणि मग आई रागावल्या असत्या.

नरेशचं गॅरेज आगाशीच्या नाक्यावर. तो मूळचा अर्नाळ्याचा, तुम्हाला काका म्हणायचा. त्याने आधी हात धुतले, बाकड्यावर बसवलं, तुमच्याबद्दल बोलला. मग विचारलं, "गाडीचं काय?"

"मला डावीकडून आवाज येतो. अण्णांना गाडी उजवीकडे ओढल्यासारखी वाटायची."

"मंग उजवा चाक खोलतो आधी," तो म्हणाला. म्हणजे तोही तुमच्यासारखाच विचार करणारा.

उजव्या चाकात काहीही नव्हतं. डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, तिच्या आतल्या बाजूचा ब्रेक पॅड आणि बाहेरचा पॅड, दोन्ही सारखेच झिजलेले, शहाण्यासारखे. डिस्कवर मात्र ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा बारीक रेषा. "हे काकांच्या पॅडमुळं," नरेश म्हणाला. मागच्या वेळी पॅड तुम्ही निवडले होते, आठवतंय? धातूचा भुगा जास्त असलेले. 'जास्त लोखंड, जास्त पकड' हे तुमचं तत्त्व. मी तेव्हाही म्हटलं होतं की आपल्याला शर्यतीत उतरायचं नाहीये. महिन्याभरात पुढची चाकं काळीकुट्ट झाली होती आणि तुम्ही ती पुसत म्हणत होता, "पकड बघ, पकड!"

मग त्याने डावं चाक काढलं. बाहेरचा पॅड जवळजवळ नवा. आतला पॅड संपलेला, मागचा पत्रा टेकायच्या बेतात. त्या पॅडला एक छोटी लोखंडी पट्टी असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासते आणि ओरडते, म्हणजे मालकाला कळावं. चीं म्हणजे ती पट्टी होती.

"एकच पॅड कसा झिजला?" मी विचारलं.

नरेशनेही डोकं खाजवलं. हाताने कॅलिपर हलवून पाहिला. कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा तो लोखंडी पंजा. "हा दोन पिनांवर सरकतो, ताई. सरकला तर दोन्ही पॅड लागतात. ही खालची पिन बघा, हलतच नाय." रबराची टोपी फाटली होती. आत तांबूस गंज. "पानी गेलंय आत. आपली हवा आधीच खारी."

"म्हणजे बाहेरचा पॅड लागतच नव्हता?"

"लागत असंल, नावाला."

"म्हणजे डावं चाक अर्धंमुर्धंच थांबत होतं."

"हां."

मी तिथेच उकिडवी बसले, अण्णा. बोलता बोलताच मला ते दिसायला लागलं. "डावं अर्धं थांबतं. उजवं पुरतं थांबतं. मग ब्रेक लावला की गाडी कुठल्या बाजूला जाईल?"

नरेशने हातातला पाना आधी डाव्या चाकाकडे केला, मग उजव्या. "उजवीकडं," तो म्हणाला. आणि मग, "काका बरोबर बोलत होते."

"मीपण," मी म्हटलं.

त्या क्षणी इतका आनंद झाला की काय सांगू. आणि लगेच दुसऱ्या क्षणी तुम्हाला फोन लावायला हात खिशाकडे गेला.

तुम्ही पकडलेली ओढ खरी, पण तिचं कारण तुम्ही शोधत होता त्या चाकात नव्हतं. मी ऐकलेला आवाज खरा, पण तो नुसता संपलेल्या पॅडचा आहे असं मी धरून चालले होते. पॅड बदलून गप्प बसले असते तर अडकलेल्या पिनेने नवा पॅडही तसाच खाल्ला असता. दोघांनी दोन टोकं धरली होती एकाच दोरीची. आणि मला ओढ का जाणवली नाही तेही आता कळतं. मी लांबूनच हळूहळू ब्रेक लावते, न आलेल्या कुत्र्यासाठी. तुम्ही शेवटपर्यंत थांबून कचकन दाबायचात. ओढ तुमच्याच पायाला कळणार होती.

मग आवाज तुम्हाला का कळला नाही? हे तेव्हा मला विचारावंसं वाटलं नाही.

नरेश म्हणाला, "पिना नव्या टाकतो, रबर नवे, डिस्क अजून चालतील. पॅड पुढच्या दोन्ही चाकांना एकदमच बदलायचे. कुठले आनू? काकांचेच टाकू?"

'काकांचेच' या शब्दाशी मी अडखळले. तुम्ही जाऊन आठवडाही झाला नव्हता आणि पहिलाच निर्णय तुमच्या विरोधात घ्यायचा? घरात तुमची चप्पल अजून आई हलवू देत नाहीत. तुमच्या पसंतीचे पॅड टाकून आले असते तर कुणी काही म्हटलं नसतं. उलट चांगलंच दिसलं असतं. मी म्हटलं, "मी बघून आणते." जुने पॅड पिशवीत घातले आणि विरारची बस पकडली.

स्टेशनजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवरच्या माणसाने काचेवर चार खोकी मांडली. गाडीच्या कंपनीचे. त्याच मापाचे, दुसऱ्या कुणीतरी बनवलेले. तुमचे, म्हणजे धातूवाले. आणि एक सिरॅमिक.

"मॅडम, सिरॅमिक घ्या. आवाज नाही, धूळ नाही, चाक एकदम क्लीन."

"आणि पकड?"

"पकड तो है ही ना, ब्रेक पॅड आहे."

तुम्ही शेजारी असायला हवे होतात. आपण त्याचा अख्खा दिवस खाल्ला असता. मी विचारलं, धातूवाला आणि साधा यांत फरक काय? तो म्हणाला, हेवी आणि नॉर्मल. मी म्हटलं, कशात हेवी? तो म्हणाला, सगळ्यात. मग मी खोकी उघडून पॅड हातात घेऊन बघायला लागले. त्याला ते फारसं आवडलं नाही, पण गर्दी नव्हती.

आणि तिथे मला एक गंमत सापडली. पॅडच्या कडेला बारीक आकड्यांच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं छापलेली होती. कंपनीच्या पॅडवर 'एफ एफ'. धातूवाल्यावर 'ई एफ'. एका खोक्यातल्या पॅडवर तर काहीच नाही, कोरी कड. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "कंपनीचं असतं काहीतरी." मी बाजूला उभी राहून मोबाइलवर शोधलं. अण्णा, पहिलं अक्षर म्हणजे पॅड थंड असताना किती पकडतो, आणि दुसरं म्हणजे तापल्यावर किती. अक्षर जितकं पुढचं, तितकी पकड जास्त. इतकी वर्षं ही माहिती तुमच्याच चाकात छापलेली होती आणि तुम्ही ती पुसून चकचकीत करत बसला होता!

म्हणजे बघा, समोरचा धातूवाला पॅड तापल्यावर कंपनीच्या बरोबरीचा, पण थंड असताना कमी. त्याला आधी गरम व्हावं लागतं. आता आपली गाडी कुठे चालते? वटार ते आगाशी, आगाशी ते विरार, कधी वसई. सकाळी घरातून निघालं की पाच मिनिटांत बाजार. तिथे चाकं तापायला वेळच कुठे मिळतो? हातगाडीमागून पोर धावत येतं तेव्हा पहिलाच ब्रेक लागायला हवा, दहावा नाही.

तुम्ही काय म्हणाला असता तेही मला ऐकू येत होतं. "आणि घाटात? चार माणसं, उतार, वळणावर वळण. तिथे खूप तापला की तुझा साधा पॅड दमेल. धातूवाला उष्णता सहन करतो." खरं आहे. अक्षरांत सगळं मावत नाही, हेही खरं आहे. पण घाटात माझ्याकडे गिअर आहे, अण्णा. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून इंजिनने गाडी धरता येते, ते तुम्हीच शिकवलंत. आगाशीच्या बाजारात त्या पोरासमोर माझ्याकडे फक्त पाय आहे. वर्षातून एकदा येणाऱ्या घाटासाठी रोजचा बाजार मी का धोक्यात घालू?

मी कंपनीचे घेतले. तुम्हाला पटलं असतं असं मी म्हणत नाही. हा वाद मी जिंकलेला नाही. तुम्ही हजर नव्हता, एवढंच.

संध्याकाळी घरी आले. आई मागच्या दारी पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्याजवळ बसून मी पिनेचं, पॅडचं, उजव्या ओढीचं सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. मग मी म्हटलं, "एकच कळत नाही. तो आवाज त्यांना कसा ऐकू आला नाही? चाकाला कान लावून चालले होते."

आई स्वतःच्या हाताकडे बघत होत्या. मोकळ्या मनगटाकडे.

"माझ्या बांगड्या ऐकू येत नव्हत्या त्यांना," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"आधी मी मागून आले की बांगड्या वाजायच्या, ते न बघता बोलायला लागायचे. मग ते बंद झालं. खांद्याला हात लावला की दचकायचे. बोललेलं सगळं ऐकू यायचं गं. जाड आवाज यायचा. बारीक गेला होता."

"मला कधी बोलला नाहीत."

"त्यांनीच नको म्हटलं होतं. तुम्ही त्या दिवशी रस्त्यावर ते काय केलंत ना, ते करून आले आणि मला म्हणाले, मनीषाला सांगू नकोस. ती किल्ली काढून घेईल."

मी काढून घेतली असती का? खूप विचार केला, अजूनही करतेय. कानाच्या डॉक्टरकडे नेलं असतं हे नक्की. किल्ली, मला माहीत नाही. तुम्ही विचारलं असतंत, "का?" आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ते उत्तर तुम्ही तपासून पाहिलं असतंत. त्या बोलण्याला मी मुकले याचं वाईट वाटतं. पण त्या बाईने कानावर हात ठेवला तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर काय होतं, ते आता कळलं. तुमचा प्रयोग अर्धवट राहिला नव्हताच. तो पूर्ण झाला होता. उत्तर गाडीबद्दल नव्हतं, इतकंच.

नवे पॅड लावले की ते डिस्कशी बसावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर गाडी थोडी पळवायची, मग हळूहळू वेग कमी करायचा, पुरतं थांबायचं नाही, आणि चाकं निवू द्यायची, असं बऱ्याचदा. दुसऱ्या दिवशी उजाडताना मी सुरूच्या बागेकडच्या रस्त्यावर गेले. पुढे जायचं, ब्रेक, पुढे जायचं, ब्रेक. समुद्राकडून फिरून येणारे एक गृहस्थ माझ्याकडे बघत होते. मी गाडी वळवून परत आले तेव्हा त्यांनी खिडकीशी वाकून विचारलं, "शिकताय का?"

"हो," मी म्हटलं.

"क्लचवरचा पाय हलका ठेवा," ते म्हणाले आणि गेले.

शेवटी मी स्टीअरिंगवरचे हात अगदी सैल केले आणि तुमच्यासारखा कचकन ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली. जराही हलली नाही इकडे तिकडे. आवाज नाही, ओढ नाही. म्हणजे कित्येक महिने, प्रत्येक ब्रेकला, तुम्ही हाताने ती गाडी डावीकडे ओढून धरत होता. सुहास मागे मोबाइलमध्ये, आई शेजारी, केळ्यांचे क्रेट, सगळं घेऊन सरळ चाललात. आम्हाला वाटायचं गाडीच सरळ चालतेय. त्या सकाळी मी रडले, अण्णा. घरी सगळ्यांसमोर आलं नव्हतं ते तिथे आलं.

मग नाशिक. सुहासच्या मांडीवर कलश, त्याच्याशेजारी मागे बापूकाका, पुढे माझ्या बाजूला आई. जव्हारला चहा प्यायलो. रामकुंडावर जे करायचं ते सुहासने केलं. पाणी थंड होतं. कलश मोकळा करताना तो अर्ध्यावरच थांबला, तेव्हा बापूकाकांनी त्याचं मनगट धरलं आणि मग स्वतःच रडायला लागले. ते तुम्हाला 'दादू' म्हणत होते. हे नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. कुठून आलं, कधीपासून, विचारायचं राहिलंय. विचारणार आहे.

परतीला निघालो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. घाटाचा उतार लागला तशी मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली. बापूकाका मागून सीटच्या पाठीला धरून पुढे झुकले होते, त्यांचा श्वास माझ्या कानाशी. दोन वळणं उतरलो आणि जळका वास आला. रबर आणि लोखंड एकत्र जळावं तसा.

"हा आपला तर नाही ना?" काका म्हणाले.

मलाही ते माहीत नव्हतं. रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, उतरले. डाव्या चाकाजवळ हात नेला. ऊब होती, चटका नव्हता. उजव्या चाकाजवळ नेला. तशीच ऊब, दोन्हीकडे सारखी. काकाही उतरले होते. माझं बघून त्यांनीही एका चाकाजवळ तळवा धरला, मग दुसऱ्या. त्या क्षणी ते इतके तुमच्यासारखे दिसले की मला नजर वळवावी लागली.

"सारखंच आहे गं," ते म्हणाले, आश्चर्याने.

वास पुढच्या वळणावरच्या टेम्पोचा होता. भरलेला टेम्पो कडेला उभा, चाकांतून धूर, आणि ड्रायव्हर खाली बसून बिडी ओढत चाकं निवण्याची वाट बघत होता. "पाणी हवंय का?" मी विचारलं. तो म्हणाला, "नको ताई, तापल्यावर पाणी मारलं तर तडा जातो. थांबतो जरा." आम्ही पुढे निघालो. काका आता मागे टेकून बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मनीषा, ते दोन अक्षरांचं काय म्हणत होतीस परवा?" मी त्यांना सांगत सांगत उतरले. सुहासही ऐकत होता. त्याने एक प्रश्नसुद्धा विचारला, आणि तो बरा प्रश्न होता.

सपाटीवर आलो. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, दूर कुठेतरी धूर. मी डावीकडे पाहिलं तर आई झोपल्या होत्या. डोकं काचेला टेकलेलं, हात मांडीवर सुटे. अण्णा, तुमच्या शेजारी बसून आईंनी प्रवासात कधी डोळा मिटल्याचं मला आठवत नाही. सबंध वाट दाराच्या मुठीला धरून बसायच्या, आणि तुम्ही म्हणायचात, हिला निसर्ग बघायला आवडतो.

मनोरच्या अलीकडे त्यांना जाग आली. पदर सारखा केला, समोर पाहिलं.

"घाट कधी लागेल गं?" त्यांनी विचारलं.

"उतरलो, आई," मी म्हटलं.